मासळीच मागायची

९ मे, शनिवार

आले बाई एकदाची! सकाळी अकराला ओनोमिचीचा धक्का सोडला आणि मला चक्क हसूच फुटलं. ह्यांच्या ह्या शिडाच्या होडीला, 'इसोहियो'ला, मी सव्वीस वर्षं सवत म्हणत आले. ह्यांचे सगळे रविवार तिनं खाल्ले, म्हणून मी हट्टानं तिच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आता बासष्टाव्या वर्षी परवाना काढून तिचं सुकाणू माझ्याच हातात आलंय. सवतीच्या घरी नांदायला आल्यासारखं वाटतंय खरं, पण घर नेटकं आहे, नाव ठेवायला जागा नाही. केबिनमध्ये दोन अरुंद पलंग, एक शेगडी, एक बर्फाची पेटी, आणि प्रत्येक डब्यावर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी. मीठ. मिसो. सुई-दोरा. एकावर लिहिलंय 'हात लावू नये'. तो मी सगळ्यात आधी उघडला. आत खारे काजू निघाले, रक्तदाबवाल्या माणसाचे!

हे सुकाणूपाशी बसलेत, तरंगायचं लाल जाकीट घालून. गेल्या वर्षी मार्चमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी झाली, तेव्हापासून उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. चौदा महिन्यांत 'आ' सोडून अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीच्या जागी न्या. आवडीची जागा कुठली हे मला कुणी सांगायला नको होतं. दर मे महिन्यात हे एकटेच पश्चिमेकडच्या बेटांत सुनामेरी, म्हणजे डॉल्फिनच्या जातीचे छोटे जलचर, बघायला जायचे.

दुपारी भाताचा गोळा तोंडात घालणार तोच घारीनं हातातून उचलला, आतल्या उमेबोशीच्या खारट फळासकट. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे हसले. आवाज 'आ' एवढाच, पण हसले.

१० मे, रविवार

वारा हवा तेव्हा नाही, नको तेव्हा नाकासमोरून. शीड वर कर, खाली कर, हाताला फोड आलाय. ह्यांना सगळं कळतं. माझी चूक झाली की भुवई वर जाते. बोलता येत नाही पण नावं ठेवता येतात!

दोन बेटांमधल्या पाण्यात रानडुकरं पोहताना दिसली. तीन. नाकं वर, मागं एक पिल्लू. मी घाबरून सुकाणू वळवलं तर हे बेफिकीर. संध्याकाळी ताकाजिमाच्या धक्क्याला लागलो, तिथं गेंपाची नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यानं दोर झेलला. चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, दात चार. ह्यांना ओळखतो. डुकरांचं सांगितलं तर म्हणाला, इथली माणसं शहरात गेली आणि डुकरं पोहत आली, आता रताळी तीच खातात आणि सरपंचही बहुतेक त्यांच्यातलाच होणार.

ह्यांना जवाचा चहा पाजताना घोट अडकला. गिळायला सोपं जावं म्हणून दाट करायची पूड घातली होती तरी. तो खोकला ऐकला की माझा जीव गोळा होतो. कोरडा, तीनदा, आणि मग एक शिट्टीसारखा श्वास.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. त्या मार्चच्या सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "हात्सुए, ऐक ना, मी म्हणत होतो की…" माझा पंखा चालू, तव्यावर मासा, धुण्याचं यंत्र बोंबलतंय. मी मान वर न करता म्हटलं, "मग सांगा." दहा मिनिटांनी न्हाणीत पडले. काय म्हणत होते? चौदा महिने मी हेच विचारतेय. मला दुसरं काही नको. तेवढं वाक्य पुरं व्हावं.

११ मे, सोमवार

वारा नाही म्हणून ताकाजिमालाच. गेंपाची खायचं वाकामे शेवाळ आणि गप्पा घेऊन आला. म्हणाला, ह्या वर्षी सुनामेरींना पिल्लं खूप झालीत, पण जाळ्यांच्या दोरांत अडकून मरतातही खूप. आणि मग त्यानं बुडालेल्यांचं सांगितलं. पाण्यात मेलेलं माणूस दिसो वा सुनामेरी, त्याला एबिसु म्हणायचं, देव मानायचं. बघून न बघितल्यासारखं करायचं नाही. डाव्या बाजूनं वर घ्यायचं. पण घेण्याआधी विचारायचं, मासळी देशील का, देशील तर घेतो. होडीतल्या दुसऱ्यानं बुडालेल्याच्या वतीनं म्हणायचं, देईन. मग किनाऱ्यावर नेऊन पुरायचं. कुणी न्यायला विसरलंय असं त्यानं ऐकलेलं नाही.

मी थट्टेत विचारलं, सोनं मागितलं तर? म्हातारा हसला नाही.

"मासळीच मागायची, बाई. दर्याकडं सोताचं तेवढंच असतं. दुसरं काही मागितलं तर तो नाही म्हणत नाही. पण मग दुसऱ्याच्या घरातनं आणून देतो."

निघताना त्यानं ह्यांच्या लुळ्या हातात वाळवलेल्या माकुलाचा तुकडा ठेवला. मी म्हटलं, ह्यांना गिळता येत नाही हो. म्हणाला, वास तर घेऊ दे.

१२ मे, मंगळवार

धुकं! सकाळी निघालो तेव्हा नुसता पदर होता, दहापर्यंत माझ्याच होडीचं तोंड दिसेना. इंजिनाची शिट्टी वाजली म्हणून बंद केलं. गार पाणी आत घेणारी नळी शेवाळानं तुंबलीय. ह्यांनी भुवई वर केली. मी म्हटलं, माहितेय मला, निघण्याआधी साफ करायची असते, तुम्ही सांगितलंत का? आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पण राग जाईना. ह्यांच्या गप्प बसण्याचा राग, मी दोघांचंही बोलते त्याचा राग. मी विचारायचं आणि मीच म्हणायचं 'हो बाई, बरोबर आहे तुझं'. चौदा महिने.

उथळ पाण्यात नांगर टाकला. चारच्या सुमाराला होडीला लागून कुणीतरी श्वास सोडला. फूस. मग दुसऱ्या बाजूला, फूस. राखाडी गुळगुळीत डोकं वर आलं. पाठीवर पंख नाही, चोच नाही, तोंडाची ठेवण अशी की कायम हसतंय. सुनामेरी. नऊ मोजल्या. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी तोंड फिरवून भांडी घासत बसले.

१३ मे, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी धुकं तसंच. सुनामेरी एकाच जागी फिरत होत्या, डाव्या बाजूला. मधोमध काहीतरी फिकं. पिल्लू होतं, हातभर लांब असेल, पोटाला हिरवा दोर करकचलेला. मेलेलं. एक मोठी त्याला नाकानं वर ढकलत होती. ते बुडायचं, ती परत ढकलायची. मला बघवेना. मी जाळं काढलं.

आणि तेव्हा मला गेंपाचीचं आठवलं. ह्यांच्याकडे वळून म्हटलं, चला, विचारायला हवं म्हणे. मी विचारते, तुम्ही काय बोलणार, उत्तरही मीच देते. आणि मी विचारलं. मासळी काय करायचीय मला? मला भूक कशाची आहे ते मला ठाऊक. मी म्हटलं, "माझ्या माणसाला बोलतं करशील का? करशील तर वर घेते."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं.

"करीन."

माझ्या पाठीमागून आलं. ह्यांच्या तोंडातून, स्वच्छ, घोगरं, ह्यांचंच.

मी पिल्लू कसं वर घेतलं ते आठवत नाही. वाकताना मोबाइल खिशातून पाण्यात गेला, गेला तर गेला. ह्यांच्या पायांशी बसून मी रडले. हे म्हणाले, "हात्सुए." परत म्हणाले, "हात्सुए." दिवसभर बोलतायत. लग्नातला माझ्या मामाचा पडलेला टोप, शिमानामीच्या पुलावर पंक्चर झालेली सायकल, सगळं आठवतंय ह्यांना. ती मोठी सुनामेरी मात्र होडीला सोडत नाही. फूस, फूस.

१४ मे, गुरुवार

धुकं थोडं उठलं. नळी साफ केली, जवळच्या ओसाड बेटाशी गेलो. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून, फावडं घेऊन रबरी होडीत उतरणार तेवढ्यात हे म्हणाले, "नको."

मी म्हटलं, पुरायचं असतं, गेंपाची म्हणालाय.

"पुरलंस की मी गप्प."

मी फावडं जागेवर ठेवलं. पिल्लू बर्फाच्या पेटीत ठेवलं, वरून मीठ. चुकीचं आहे ते मला कळतंय. पण चौदा महिने ज्यानं भिंतीशी संसार केला असेल त्यानंच मला बोल लावावा.

विचारलं अखेर. त्या सकाळी काय म्हणत होतात? हे हसले. म्हणाले, "मग सांगतो."

घसा बसलाय. धुक्याचा दमटपणा.

१५ मे, शुक्रवार

परत निघालो आणि परत धुकं. काय मेलं नशीब आहे! तीनदा नांगर, तीनदा दोर अडकला. शिव्या द्यायलाही आवाज नीट निघत नाही, नुसती फुसफुस.

हे बोलतायत. थांबत नाहीत. आज घारीला सात पिढ्यांचा उद्धार ऐकवला, माझ्यासारखाच, माझ्याच शब्दांत. मी हसले. मग हे इंजिनाला म्हणाले, "काय मेलं नशीब आहे!" हे मी वर आत्ता लिहिलंय. मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

दिवसभर मुद्दाम विचारत राहिले. पहिल्या नोकरीत साहेबाचं नाव काय होतं? माहीत नाही. ही होडी कुणाकडून घेतली? माहीत नाही. माझ्या आईला कुठला मासा आवडायचा? लगेच म्हणाले, सावारा, मिसोत मुरवलेला.

मला माहीत आहे तेवढंच ह्यांना माहीत आहे.

त्या सकाळचं परत विचारलं. मग सांगतो. परत विचारलं. मग सांगतो.

दुसऱ्याच्या घरातनं आणून देतो, असं म्हातारा म्हणाला होता. ह्यांचं घर कुठलं आणि माझं कुठलं?

१६ मे, शनिवार

सकाळी तोंड उघडलं. काही नाही. फुसफुसही नाही. 'आ'सुद्धा नाही.

तो बोलतोय. आवाज आता बारीक झालाय. बाईचा. बंद केबिनमध्ये माझी बडबड बाहेरून ऐकायला लागणं म्हणजे काय — माझ्या तोंडचं बोलणं किती कडू होतं ते —

रेडिओचं बटण दाबलं. तटरक्षक दलाचा पोरगा विचारतोय, कोण बोलतंय, पुन्हा सांगा. मी ओठ हलवतेय. माझ्या खांद्यामागून माझाच आवाज, हसून, "काही नाही हो, चुकून दाबलं गेलं. सगळं ठीक आहे आमचं." तो म्हणाला, बरं आजी, धुक्यात जपून. आणि बंद.

तोंड बोलत होतं तेव्हा मी डोळ्यांकडे बघितलं. डोळे बोलत नव्हते. डोळे ह्यांचे होते. भुवई वर नाही, खाली नाही. नुसते घाबरलेले. डावा हात माझ्या मनगटावर, दुखेल इतका घट्ट.

मग ह्यांनी हात सोडला. केबिनच्या काचेवर धुक्याचं दंव धरलेलं. डाव्या बोटानं लिहिलं. लहान मुलासारखं, वाकडं.

मी नाही

मी काचेवर त्याच्याखाली लिहिलं, माहितेय. खाली लिहिलं, उद्या पुरते. हे बघत राहिले. वर तोंड चालूच, माझ्या आवाजात, पंखा बंद करा, मासा जळतोय, मग सांगा, मग सांगा —

१७ मे, रविवार

पहाटे उजाडताच ठरवलं. नांगर काढायचा, ते ओसाड बेट गाठायचं, पुरायचं. मी मुकी राहिले तरी चालेल, हे गप्प झाले तरी चालेल.

नांगर निघेना. दगडात. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, वाकून दहा मिनिटं, वीस — साखळी, हात सोलले. मागं बडबड चालू होती. चालू आहे तोवर हे आहेत, म्हणून वळून बघितलं नाही.

बडबड थांबली.

गेले मागं. लाल जाकीट बाकावर, बंद सोडवलेले. एका हातानं. बर्फाची पेटी उघडी, टॉवेल रिकामा, मीठ सगळीकडे. डाव्या कठड्यावर ओला फराटा. सरपटत गेल्याचा.

मी ओरडले — "अहो!" — आणि ऐकू आलं. मला. माझा आवाज, माझ्या घशात. परत दिला. ह्यांनी पिल्लू परत दिलं आणि माझं मला —

ओरडतेय. उत्तर नाही. सुनामेरी एक नाही. पाणी नुसतं सपाट.

आत आले, रेडिओ — लावला, सांगितलं, येतोय म्हणाले, चाळीस मिनिटं —

काच. सगळी काच भरून. एवढं कधी लिहिलं? मी नाळेवर होते तेव्हा. वीस मिनिटं.

ऊन आलं. आठवडाभर जीव खाल्ला ह्या धुक्यानं, आणि आत्ता, आत्ता ऊन! काच वरून सुकतेय. पहिली ओळ गेली. उतरवून घेते.

…परत घेऊन जातो, माझ्यासाठी मागू नकोस. मासळीच माग. इंजिनाची नळी दर महिन्याला —

गेली ती ओळ. पुढची.

हात्सुए, त्या सकाळी मी म्हणत होतो की

डाव्या बाजूला काहीतरी. फूस नाही.

खोकला. कोरडा. तीनदा. मग शिट्टी.

ह्यांचाच आहे. ह्यांचाच ना? की माझा आवाज ह्यांच्या तोंडी होता तसा हा कुणाच्या तरी — बघायला जायचं तर काच — चार शब्द उरलेत, कडेनं जातायत —

मी म्हणत होतो की ह्या मे महिन्यात तू आणि

परत खोकला. जवळ. होडीला लागून —

अहो, आले, आले, थांबा, ह्या वेळी आधी तुम्ही —